तेशेकपुकच्या १९५५च्या इंची शीट्सवरून तळ्यांचे काठ मोजता येतील का?

काठावरचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. क्षेत्र आहे अलास्काचा आर्क्टिक किनारी सखल पट्टा, तेशेकपुक तळ्याच्या आसपासचा, साधारण ७०.५° उत्तर, १५३.५° पश्चिम. झाड एक नाही, जिकडेतिकडे तळी आणि पाणथळ टुंड्रा. यूएसजीएसच्या (अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण) १:६३,३६०, म्हणजे मैलाला एक इंच, मालिकेतल्या शीट्स त्यांच्याच टोपोव्ह्यू या जुन्या नकाशांच्या संकेतस्थळावरून घेतल्या आहेत. समासात हवाई छायाचित्रं १९५५ची आणि 'प्रत्यक्ष जागेवर पडताळणी नाही' असं छापलंय. दोन गोष्टी काढायच्या आहेत: तळ्यांचे काठ तेव्हापासून किती सरकले, आणि किती तळी रिकामी झाली.

आतापर्यंत जे झालं ते असं. जेपेग घेऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसची प्रणाली) म्हणून भरले आणि पहिल्या क्रमाचं पॉलिनॉमियल (सरकवणं, फिरवणं, सरसकट ताणणं एवढंच करणारं रूपांतर) लावलं. सेंटिनेल-२च्या उपग्रह प्रतिमेवर ठेवल्यावर तळी पूर्वेला सरकलेली दिसतात, तीही सारखी नाहीत. एका कोपऱ्यात ६० मीटर, दुसऱ्यात १९०, सरासरी सव्वाशेच्या आसपास. शिवाय थोडी उत्तरेलाही. मग तळ्यांच्या काठांवरचे २५ बिंदू जुळवून थिन प्लेट स्प्लाइन (शीट रबरासारखी ताणून बसवणारी) लावली. आरएमएसई, म्हणजे बिंदूंवरची सरासरी चूक, शून्य आली, शीट सुरेख बसली, पण आता बहुतेक सगळ्या तळ्यांचे काठ जिथल्या तिथेच आहेत असं उत्तर येतंय. हे खरं मानायचं का?

आणखी दोन उपप्रश्न. कंटूरवरून (सारख्या उंचीच्या रेषांवरून) रिकाम्या झालेल्या तळ्यांची खोलगटं शोधता येतील का? आणि दलदलीच्या निळ्या खुणा मोजून १९५५चं पाणथळ क्षेत्र काढलं तर चालेल का?

---

सत्तेचाळीस एफ

जेपेग बाजूला ठेवा. टोपोव्ह्यूवर त्याच शीटची जिओटिफ मिळते, ती आधीच बसवलेली असते. पण चूक नेमकी कुठे झाली ते कळलं नाही तर पुढच्या शीटला पुन्हा तेच होणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. सरासरी सव्वाशे मीटर ही डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले त्याची, चूक. तिच्या वर-खाली जे साठ-सत्तर मीटर दिसतात, ती शीटच्या आकाराची चूक. दोन्ही एकमेकींवर चढल्यात.

डेटम: समासात '१९२७ नॉर्थ अमेरिकन डेटम' (एनएडी २७) असं असणार. म्हणजे क्लार्क १८६६ हा गोलाभ (पृथ्वीचा मानलेला चपटा गोल आकार). तेशेकपुकच्या जागी एनएडी २७चे आकडे तसेच डब्ल्यूजीएस ८४ म्हणून वापरले तर नकाशा सुमारे १२० मीटर पूर्वेला आणि चाळीसएक मीटर उत्तरेला जाऊन बसतो. एव्हरेस्ट गोलाभावरची आपली जुनी शीट सरळ गूगल अर्थवर ठेवली की जे होतं, तेच हे.

आकार: पुण्याची जुनी इंची शीट, ४७ एफ/१४, हीसुद्धा १:६३,३६०च. ती १५ मिनिटं बाय १५ मिनिटं. तिथे वरच्या आणि खालच्या कडेच्या लांबीत जेमतेम ४० मीटरचा फरक पडतो, म्हणून ती आयत धरली तरी कोणाला कळत नाही. ७०.५° उत्तरेला रेखांश झपाट्याने जवळ येतात. तिथली शीट ३६ मिनिटं रुंद असते, आणि तिची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे २७५ मीटरने, म्हणजे कागदावर ४ मिलिमीटरहून जास्त, आखूड भरते. समलंब चौकोनच तो. अंशांमध्ये कोपरे भरून पहिल्या क्रमाचं पॉलिनॉमियल लावलं की सॉफ्टवेअर त्याला समांतरभुज करायला बघतं, आणि फरकाचा चौथा हिस्सा, म्हणजे ७० मीटर, प्रत्येक कोपऱ्यात चूक म्हणून उरतो. १२० अधिक-उणे ७०. तुमचे ६० आणि १९० इथूनच आले.

स्वतःच बसवायची वेळ आली तर क्रम असा ठेवा:

१. कोपऱ्यांचे आणि आतल्या टिकांचे (अक्षांश-रेखांशांच्या छापील खुणांचे) अक्षांश-रेखांश सीएसव्हीत लिहा आणि ईपीएसजी (निर्देशांक-प्रणालीचा क्रमांक) ४२६७, म्हणजे एनएडी २७, म्हणून उघडा.
२. ते बिंदू ईपीएसजी २६७०५ मध्ये न्या. हा एनएडी २७चाच यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी प्रक्षेपण प्रणाली) झोन ५. डेटम तोच असल्यामुळे या पायरीत डेटमची चूक शिरायला वावच नाही.
३. जिओरेफरन्सरमध्ये हे मीटरमधले आकडे भरा. पहिल्या क्रमाचं पॉलिनॉमियल आता बिनधास्त लावा. कागद एका दिशेला जास्त ताणला गेला असेल तर तेही त्यात सांभाळलं जातं. ६०० डीपीआयच्या स्कॅनवर एक पिक्सेल २.७ मीटरचा. दोन-तीन पिक्सेलच्या वर शेषचूक आली तर एखादा आकडा चुकीचा भरलाय असं समजा.
४. मग वार्प करून (चित्र नव्या प्रणालीत वळवून) ईपीएसजी ३३३८, म्हणजे अलास्का अल्बर्स एनएडी ८३, मध्ये न्या. क्षेत्रफळं इथेच मोजायची.

चौथ्या पायरीत बहुतेकांची गाडी अडते. एनएडी २७ वरून ८३ वर जायला नॅडकॉनची अलास्काची ग्रिड फाइल (दोन डेटममधल्या जागोजागच्या फरकांचा तक्ता) लागते. ती संगणकावर नसली तर क्यूजीआयएस एखादं अंदाजी रूपांतर निवडतं आणि बऱ्याचदा आपलं लक्षही जात नाही. प्रोजेक्टच्या गुणधर्मांत ट्रान्सफॉर्मेशनची यादी उघडा, ग्रिड उतरवा आणि तिचंच नाव निवडलंय ना ते डोळ्यांनी बघा.

शीटच्या नावाबद्दल एक. आपल्याकडे ४७ एफमधली १ नंबरची शीट वायव्य कोपऱ्यात असते आणि मोजणी खाली उतरते. अलास्कात ए-१ आग्नेय कोपऱ्यात असते. अक्षर दक्षिणेकडून उत्तरेला चढतं, आकडा पूर्वेकडून पश्चिमेला. शीटची रुंदीही सगळीकडे सारखी नसते: ५९°च्या दक्षिणेला २० मिनिटं, ५९ ते ६२ साडेबावीस, ६२ ते ६८ तीस आणि त्याच्या वर छत्तीस. म्हणून तेशेकपुकच्या १:२,५०,००० शीटमध्ये, जी ३ अंश रुंद आहे, पाच स्तंभ आणि चार ओळी मिळून वीस शीट्स बसतात. दक्षिणेकडच्या एखाद्या शीटसाठी लिहिलेली स्क्रिप्ट इथे चालवली तर स्तंभ चुकलेच म्हणून समजा.

आणि रेखांशापुढचं उणे चिन्ह विसरू नका. १५३.५° पूर्व, ७०.६° उत्तर इथे कोलिमा-इंडिगिर्काचा सखल प्रदेश आहे, आणि तोही असाच तळ्यांनी चाळण झालेला. शीट तिथे जाऊन पडली तर पहिल्या नजरेला काही चुकलंय असं वाटतसुद्धा नाही.

---

निळी शाई

वरच्याशी सहमत. फक्त थिन प्लेट स्प्लाइनबद्दल बोलायचं राहिलं, आणि मूळ प्रश्नातली सगळ्यात मोठी चूक तीच आहे.

ज्या काठाची हालचाल मोजायची, तोच काठ खुंटी म्हणून वापरला. १९५५चा काठ ओढून आजच्या काठावर नेऊन शिवला, आणि मग दोन्हींत फरक नाही असं उत्तर आलं. येणारच. थिन प्लेट स्प्लाइन दिलेल्या प्रत्येक बिंदूतून सक्तीने जाते, त्यामुळे तिची आरएमएसई नेहमी शून्यच असते. त्या शून्यातून अचूकतेबद्दल काहीही कळत नाही. तो थर काढून टाका.

नियंत्रण बिंदू नकाशाच्या चौकटीवरूनच घ्या: कोपरे, टिक, ग्रिड. जमिनीवरचे बिंदू फक्त तपासणीपुरते. त्या पट्ट्यात खडक उघडा पडलेला नाही, रस्ते नाहीत, नद्यांचे संगम सरकतात. त्यातल्या त्यात भरवशाची जागा म्हणजे पिंगो, म्हणजे आत बर्फाचा गड्डा असलेली टेकडी, शीटवर तिचा बंद कंटूर किंवा उंचीचा आकडा असेल तर. डीईडब्ल्यू लाइनच्या (शीतयुद्धातल्या रडार ठाण्यांच्या) धावपट्ट्या मोहात पाडतात, पण ते बांधकाम १९५५ ते ५७मधलं. छायाचित्रात ती असेलच असं नाही, आणि शीटवर दिसली तर ती नंतर भरलेली असू शकते. जांभळ्या रंगात छापलेलं काहीही पुढच्या सुधारणेतलं. ते १९५५चं धरू नका.

आता ज्याकडे फारसं कोणी बघत नाही ते. या शीट्स एकेका रंगाची वेगळी प्लेट करून छापल्या आहेत: चौकट आणि अक्षरं काळ्यात, कंटूर तपकिरीत, पाणी निळ्यात. छापताना प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसतातच असं नाही. निळी प्लेट ०.३ मिलिमीटर सरकली असेल तर जमिनीवर १९ मीटर झाले. तुम्ही बसवता काळ्या टिकांवर आणि मोजता निळा काठ, म्हणजे ही चूक आरएमएसईत कधीच दिसणार नाही.

ती पकडायची कशी? समासात यूटीएमचे टिक निळ्या रंगात असतात. तेही पाण्याच्याच शाईतले. काळ्या टिकांवर शीट बसवून झाली की चारही कडांवरच्या निळ्या टिकांचे आकडे वाचा आणि ते त्यांच्या खऱ्या जागेपासून किती हटलेत ते मोजा. सगळे एकाच दिशेला सारखे हटले असतील तर निळ्या थराला तेवढा सरकाव द्या. स्कॅन मोठा करून एखाद्या तळ्याच्या कडेला बघितलं तरी अंदाज येतो. पाण्याचा फिकट भरणा काठाच्या गडद रेघेच्या एका बाजूला बाहेर सांडलेला आणि दुसऱ्या बाजूला पांढरी फट राहिलेली दिसते. भरणा आणि रेघ आपापल्या जागी नसल्याची ती खूण. अशा शीटवर रंगानुसार आपोआप वर्गीकरण करू नका, कारण ते भरण्याची कड पकडतं. काठाची रेघ हाताने काढा.

रेघेची कुठली बाजू? मध्य. ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर साडेबारा मीटर. एकाने आतून आणि दुसऱ्याने बाहेरून काढली की तळं आपसूक 'वाढतं'.

---

काठावरचा

दोघांचे आभार. सेंटिनेलवरचा तो शून्याचा थर काढला. जिओटिफ ग्रिडसह ३३३८ मध्ये नेल्यावर पूर्वेकडचा सरकाव गेला. निळे टिक सगळे आग्नेयेला १० ते १५ मीटर हटलेले दिसतात, तो सरकाव दिला आहे.

आता उरलेला प्रश्न: काठ किती मीटर हललेला दिसला तर तो खरा मानायचा?

---

गोठणबिंदू

अमेरिकेचं नकाशांच्या अचूकतेचं १९४७चं राष्ट्रीय मानक सांगतं की १:२०,००० पेक्षा लहान प्रमाणाच्या नकाशात नीट ओळखता येणाऱ्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू कागदावर १/५० इंचाच्या आत असले पाहिजेत. १:६३,३६० ला ते ३२ मीटर होतात. एका दिशेतल्या प्रमाणित चुकीत बदललं तर साधारण १५ मीटर. आधी समासात 'हा नकाशा राष्ट्रीय अचूकता मानकात बसतो' अशी ओळ आहे का ते बघा. नसेल तर १५ हा आकडा उदार आहे, २० धरा.

त्यात भर घाला: काठ गिरवण्याची ६ मीटर, निळ्या प्लेटची दुरुस्तीनंतर उरलेली १०, बसवण्याची ८. वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: २०.६ मीटर. ९० टक्के खात्री हवी तर १.६५ने गुणा, ३४ मीटर. ६० वर्षांवर पसरलं तर वर्षाला ०.५७ मीटर. याच्या खालची हालचाल या शीटवरून दिसणार नाही, मग सॉफ्टवेअर दशांशानंतर कितीही आकडे देवो. त्या पट्ट्यातल्या बऱ्याच तळ्यांचे काठ वर्षाला अर्ध्या मीटरहूनही कमी सरकतात, म्हणजे तुमचा पहिला प्रश्न शीटच्या कुवतीबाहेरचा आहे. दुसरा, रिकाम्या तळ्यांचा, अगदी तिच्या कुवतीतला.

समुद्रकिनाऱ्याचा मात्र हिशोब वेगळा. तेशेकपुकच्या उत्तरेला ड्र्यू पॉइंटजवळच्या साठएक किलोमीटर किनाऱ्याची धूप १९५५ ते ७९ दरम्यान वर्षाला सरासरी ६.८ मीटर, १९७९ ते २००२ दरम्यान ८.७ आणि २००२ ते २००७ दरम्यान १३.६ मीटर मोजली गेली आहे. तिथे शेकडो मीटर गेलेत, ३४ मीटरची चूक त्यात सहज पचते.

क्षेत्रफळाबद्दल लोक उलटं घाबरतात. संपूर्ण शीट सरकली तर तळ्याची जागा चुकते, क्षेत्रफळ नाही. क्षेत्रफळ बिघडतं ते रेघेच्या आत-बाहेर झाल्याने. १० हेक्टरचं गोल तळं कागदावर साडेपाच मिलिमीटरचं, परीघ ११२० मीटर. रेघेची अर्धी जाडी, ६ मीटर, आत-बाहेर झाली की क्षेत्रफळात पावणेसात टक्के गेले. १ हेक्टरचं तळं पावणेदोन मिलिमीटरचं, त्यात २१ टक्के. त्यामुळे १० हेक्टरची खालची मर्यादा ठेवा. तिच्या खाली नकाशा काढणाऱ्याने केलेलं सुलभीकरणही सुरू होतं: शेजारची दोन डबकी एक होतात, दोन तळ्यांमधली अरुंद पट्टी रुंद करून दाखवली जाते, आणि बर्फाच्या चौकटींमधली छोटी डबकी तर नकाशावर येतच नाहीत.

तारखेचं बघा. शीटला अनेक वर्षं चिकटलेली असतात: नकाशावरचं वर्ष, छपाईचं वर्ष, छायाचित्रांचं वर्ष, सुधारणेचं वर्ष. तुम्हाला फक्त छायाचित्रांचं हवं, आणि शक्य असेल तर महिनासुद्धा. मोठ्या तळ्यांवर जुलैतही बर्फ तरंगत असतो आणि त्याची कड काठ म्हणून काढली जाऊ शकते. बर्फ वितळल्यावर लगेच पाणी चढलेलं असतं, ऑगस्टअखेर उतरतं. तिथे काठाचा उतार शंभरास एक असू शकतो, म्हणजे पाणी २० सेंटिमीटर खाली गेलं की काठ २० मीटर आत येतो. आजची प्रतिमाही छायाचित्राच्याच हंगामातली निवडा.

रिकाम्या तळ्यांसाठी १९५५चे पॉलिगॉन घ्या आणि प्रत्येकात आज किती टक्के पाणी उरलंय ते काढा. क्षेत्र २५ टक्क्यांहून जास्त घटलेली तेवढी बाजूला काढा. मग प्रत्येकासाठी तीन गोष्टी तपासा: दोन वेगळ्या वर्षांच्या जुलै-ऑगस्टच्या प्रतिमांत तेच दिसतंय का, बाहेर पडणारा नवा नाला आहे का, आणि उरलेलं पाणी तळाच्या सर्वांत खोल भागातच आहे का. तळ काही वर्षांत ओल्या गवताने भरतो आणि ते गवत गडद दिसतं, त्यामुळे फक्त दृश्य रंगांवर जाऊ नका, पाणी-निर्देशांकाला इन्फ्रारेड हवंच. तळं कोणत्या वर्षाच्या सुमारास फुटलं ते लँडसॅट उपग्रहांच्या १९७२ नंतरच्या संग्रहातून काढता येतं. १९८४ पर्यंतचं चित्र भरड असतं, पण दहा हेक्टरचं तळं त्यात ओळखू येतं.

---

उघडा कंटूर

कंटूरचं उत्तर: नाही.

मानक म्हणतं की ९० टक्के बिंदूंची उंची अर्ध्या अंतरालाच्या (लगतच्या दोन कंटूरांमधल्या उंचीच्या फरकाच्या) आत हवी. अंतराल २५ फूट धरला तरी तो ७.६ मीटर, अर्धा ३.८. रिकाम्या तळ्यांची खोलगटं असतात दोन ते पाच मीटरची. दोन कंटूरांच्या मधे सगळं गडप होतं. त्याहून वाईट गोष्ट आडव्या अंतराची. जमिनीचा उतार हजारास एक असेल तर उंचीतली ३.८ मीटरची मान्य चूक कंटूरला जमिनीवर ३.८ किलोमीटर सरकवते. म्हणजे तो कंटूर तळ्याच्या या बाजूने गेला काय आणि त्या बाजूने गेला काय, नकाशा मानकात पासच. अशा कंटूरांमधून डीईएम (जमिनीच्या उंचीचं डिजिटल मॉडेल) बनवून जुन्या-नव्या उंचीची वजाबाकी करायची कल्पना कोणी मांडली तर तिथेच थांबवा.

खोलगटांसाठी आजचं साधन घ्या: आर्क्टिकडीईएम, २ मीटर पिक्सेल, किंवा यूएसजीएसचं अलास्काचं ५ मीटरचं इफसार (रडारवरून काढलेलं उंचीचं मॉडेल). आर्क्टिकडीईएमच्या उंच्या डब्ल्यूजीएस ८४ गोलाभावरच्या आहेत, समुद्रसपाटीपासूनच्या नाहीत. शीटवरच्या तळ्याच्या पातळीच्या आकड्याशी ताडायचं तर आधी जिओइड (गोलाभापासून समुद्रसपाटीची उंची) वजा करा. पाण्यावर आर्क्टिकडीईएम खडबडीत आणि निरर्थक येतं, तळ्यांचे पॉलिगॉन वापरून तो भाग झाका.

दलदलीची निळी खूण: मोजू नका. जागेवर कोणी गेलेलं नाही, छायाचित्र बघून त्या माणसाला जिथे ओलं वाटलं तिथे गवताच्या निळ्या जुडग्या टाकल्या. शेजारशेजारच्या शीट्स जोडल्या की कधीकधी शिवणीवर दलदल सुरीने कापल्यासारखी संपते. तिथे जमीन बदलत नाही, वाचणारा माणूस बदलतो. त्या पट्ट्यात पर्माफ्रॉस्टमुळे, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीमुळे, पाणी मुरतच नाही, जवळपास सगळंच पाणथळ. त्यामुळे 'खूण नाही' याचा अर्थ 'कोरडं' असा होत नाही. आपल्या शीट्सच्या सवयीने पांढऱ्या रंगाला पडीक जमीन समजू नका. इथे पांढऱ्याचा अर्थ एवढाच की झाडोरा नाही. पाणथळाची वर्गवारी हवी असेल तर अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाची राष्ट्रीय पाणथळ सूची बघा. ती १९७९च्या काउअर्डिन वर्गीकरणावर चालते. अर्थात ती १९५५ची नाही.

जाता जाता: शीटवर बॅरो हे गाव शोधाल तर सापडेल, नव्या थरांत सापडणार नाही. २०१६ मध्ये गावाने मतदान करून उत्कियाग्विक हे नाव परत घेतलं. शीट्सची नावं मात्र जुनीच आहेत, त्यामुळे नावावरून जोडणी करणारी स्क्रिप्ट तिथे अडखळते.

---

काठावरचा

म्हणजे काठांच्या सरकण्यासाठी शीट सोडून मूळ छायाचित्रांकडे जायला हवं. ती मिळतात का? आणि १९५५च्या आधीचं काही?

---

सत्तेचाळीस एफ

मिळतात. यूएसजीएसच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर 'एरियल फोटो सिंगल फ्रेम्स' हा संच उघडा. अमेरिकी नौदलाची १९४८-४९ची 'बार' मालिका १:२०,०००ची आहे, १९५५ची नकाशासाठीची उड्डाणं वेगळी. तुमच्या शीटवर काय काय येतं ते फ्रेमच्या पाऊलखुणा (प्रत्येक फोटोने व्यापलेल्या जागेच्या चौकटी) टाकून बघा. त्यानंतर १९७८ ते ८६ची उच्च उंचीवरची अलास्का मालिका, रंगीत इन्फ्रारेड, साधारण १:६०,०००. पाणी आणि ओली जमीन वेगळी करायला ही फार कामाची. १९६० ते ७२ दरम्यानची कोरोना उपग्रहाची चित्रंही १९९५ मध्ये खुली झाली, पण ढग नसलेली आणि बर्फ गेलेली फ्रेम शोधायला चिकाटी लागते.

उच्च दर्जाचा स्कॅन २५ मायक्रॉनचा असतो. १:२०,०००च्या फ्रेमवर तो अर्धा मीटर झाला. फिल्मवरून काढलेला काठ दोन-तीन मीटरच्या आत बसू शकतो, म्हणजे ३४ मीटरचा उंबरठा पाचाच्या आसपास येतो. तळ्यांच्या काठाची गोष्ट इथून पुढे सुरू होते.

---

निळी शाई

बसवायचं कसं ते लिहितो, कारण इथे शीटच्या उलट नियम आहे. फोटोला चौकट नसते, जमिनीवरचेच बिंदू लागतात.

बर्फाच्या पाचरींनी बनलेली बहुकोनी चौकटींची जाळी फोटोत दिसते, एकेक चौकट दहा ते तीस मीटरची. तिच्या रेघा जिथे मिळतात ते तिठे अनेक दशकं जागचे हलत नाहीत. आजच्या उच्च विभेदनाच्या प्रतिमेत तेच तिठे शोधा. काठापासून निदान पन्नास मीटर आत, पाणी न साचलेल्या जागी. सेंटिनेलचा १० मीटरचा पिक्सेल इथे पुरणार नाही.

एकेका फ्रेमला प्रोजेक्टिव्ह रूपांतर लावा. किमान ४ बिंदू लागतात, पण १२ ते १५ घ्या आणि चार वेगळे ठेवून त्यांच्यावर चूक मोजा. जमीन इतकी सपाट आहे की उंचीमुळे होणारा सरकाव किरकोळ राहतो: १:२०,००० आणि १५२ मिलिमीटर लेन्स धरली तर विमान ३०४० मीटरवर, आणि १० मीटरच्या चढावामुळे फ्रेमच्या मध्यापासून दीड किलोमीटरवरचा बिंदू ५ मीटर सरकतो. खरा त्रास विमानाच्या कलण्याचा, तो प्रोजेक्टिव्ह सांभाळतं. पहिल्या क्रमाचं पॉलिनॉमियल ते सांभाळत नाही.

मेटाशेप किंवा मिकमॅक या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सगळा पट्टा एकत्र सोडवायचा मोह होईल. करा, पण अर्ध्याहून जास्त पाणी असलेल्या फ्रेम तिथे तुटतात. पाण्यावर जुळणारे बिंदू मिळत नाहीत, आणि मधली एक फ्रेम निखळली की तिच्या पलीकडचा पट्टा वाकतो. फ्रेमच्या कडेच्या फिड्युशियल खुणा (कॅमेऱ्यानेच उमटवलेल्या ठरावीक खुणा) आधी मोजून प्रत्येक स्कॅन एकाच चौकटीत आणा, नाहीतर स्कॅनर प्रत्येक फोटोला थोडा वेगळा कॅमेरा करून ठेवतो. तेशेकपुकच्या ऐन काठावरच्या फ्रेम, ज्यांत एका बाजूला नुसतं पाणी असतं, त्या एकेकट्याच बसवा. बिंदू सगळे एका बाजूला येतील, म्हणून काठाजवळची चूक वेगळी मोजा.

---

उघडा कंटूर

१९५५च्या आधीचं थोडक्यात. १९०६ ते १४ दरम्यान भूवैज्ञानिक लेफिंगवेल यांनी फ्लॅक्समन बेटावर मुक्काम ठेवून तिथल्या किनाऱ्याचं आणि कॅनिंग नदीच्या भागाचं मोजमाप केलं. १९१९ मध्ये यूएसजीएसने ते प्रोफेशनल पेपर १०९ म्हणून छापलं. बर्फाच्या पाचरींचं पहिलं नीट स्पष्टीकरण त्यांचंच. पण तो भाग तुमच्या क्षेत्राच्या बराच पूर्वेला. १९२३ मध्ये नौदलाचा पेट्रोलियम राखीव प्रदेश क्रमांक ४ जाहीर झाल्यावर १९२३ ते २६ यूएसजीएसच्या तुकड्या आत गेल्या. त्यांचे नकाशे नद्यांच्या वाटेने चालत आणि होडीतून केलेले. नदी बरी, पण नदीपासून दूरची तळी अंदाजाने किंवा मुळीच नाहीत. त्या नकाशावर तळं नसणं म्हणजे तेव्हा तळं नव्हतं असं लिहू नका.

---

गोठणबिंदू

कोणाला हेच काम रशियातल्या यमाल द्वीपकल्पावर करायचं असेल तर एक ओळ. सोव्हिएत शीट्सना डेटम पुल्कोवो १९४२, क्रासोव्स्की गोलाभ. ६० ते ७६ अंशांमधल्या शीट्स जोडीने छापलेल्या असतात, म्हणून नावात दोन आकडे येतात, जसं आर-४१,४२. ४२व्या स्तंभाला गाउस-क्रूगर झोन १२, ईपीएसजी २८४१२. पूर्व निर्देशांकापुढचा १२ हा झोनचा क्रमांक आहे. तो काढून आकडे भरले तर शीट हजारो किलोमीटर दूर जाऊन पडते, आणि ठेवून झोनविरहित प्रणाली निवडली तरी तेच.

---

काठावरचा

ठरलं. १० हेक्टरच्या वरच्या तळ्यांचं रिकामं होणं शीटवरून, काठ फक्त १९४८-४९च्या फ्रेम मिळतील तिथे. पहिल्या शीटमधली दोन तळी मात्र आताच संशयास्पद वाटतायत: १९५५ मध्ये पाणी, आज गवत, आणि बाहेर पडणारा नाला काही दिसत नाही.

---

गोठणबिंदू

नाला बर्फाच्या पाचरींच्या रेघेने जातो, म्हणून काटकोनात वळणावळणाचा असतो आणि जेमतेम तीन-चार मीटर रुंद. सेंटिनेलवर दिसणार नाही. आर्क्टिकडीईएमची छायाकृती (तिरप्या प्रकाशात चढउतार दाखवणारं चित्र) काढा, प्रकाश क्षितिजालगतून, १० ते १५ अंशांवरून टाका, आणि तळ्याच्या सर्वांत जवळच्या सखल तळ्याकडची किंवा ओढ्याकडची कड तपासा. नाला तिथेही नसेल तर शीटकडे परत या: त्या दोन तळ्यांचा काठ अखंड रेघेचा आहे की तुटक? तुटक असेल तर नकाशा काढणाऱ्यानेच ते हंगामी पाणी म्हणून दाखवलंय. ती दोन यादीतून काढा.